आठवणीवर न विसंबणारा हिशेब

एडीएचडी असलेल्या प्रौढांच्या आर्थिक अडचणींचे मूळ बहुतेक वेळा अज्ञानात नसते. क्रेडिट कार्डाचे व्याज किती महाग, विमा कशासाठी, बचत किती हवी हे त्यांना इतरांइतकेच कळते. अडते ते कळलेली गोष्ट नेमक्या दिवशी हातून घडण्यापाशी. खात्यात पैसे असताना विजेचे बिल थकते, भरायचा म्हणून वेगळा काढलेला विम्याचा कागद महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहतो आणि महिनाअखेरीस पैसे गेले कुठे याचे उत्तर सापडत नाही. घरचे याला निष्काळजीपणा म्हणतात. ऐकून ऐकून ती व्यक्तीही स्वतःला तेच म्हणू लागते. खरे तर पैशाचा व्यवहार मेंदूच्या ज्या कामांवर उभा असतो, नेमकी तीच कामे एडीएचडीत अडखळतात. म्हणून उपायाची दिशाही वेगळी ठेवावी लागते. स्मरणशक्ती आणि निग्रह यांवरचा भार जितका कमी, तितका हिशेब सुरळीत.

मेंदूचे काय अडते

एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, ही मेंदूच्या विकासाशी निगडित स्थिती आहे. तिची सुरुवात बालपणी होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. आंतरराष्ट्रीय पाहण्यांत प्रौढांमधले तिचे प्रमाण साधारण अडीच ते तीन टक्के आढळले आहे. वय वाढते तशी धावपळ आणि चुळबुळ कमी होते. लक्ष टिकवणे, कामांचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज बांधणे यांतली अडचण मात्र अनेकांत कायम राहते. मुलींमध्ये दंगा कमी आणि विसराळूपणा जास्त दिसत असल्याने त्यांचे निदान अनेकदा राहूनच जाते. या स्थितीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे मुलाची तपासणी करायला गेलेल्या आईला किंवा वडिलांना तिथेच स्वतःच्या आयुष्याचा उलगडा होतो, असेही घडते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९०च्या दशकात एडीएचडीचा विचार आत्मनियमनातली अडचण म्हणून मांडला. आवेग आवरणे, माहिती मनात धरून ठेवणे, भावना सांभाळणे, पुढचे पाहून आज वागणे ही सारी आत्मनियमनाची अंगे, आणि घरखर्च यांतल्या प्रत्येकावर अवलंबून असतो. दुकानात उभे असताना 'या महिन्यात गाडीच्या विम्याचे १२ हजार जायचे आहेत' हे आठवणे म्हणजे माहिती मनात धरून ठेवणे. आवडलेली वस्तू पाहून हात मागे घेणे म्हणजे आवेग आवरणे. कंटाळवाणा अर्ज शेवटच्या रकान्यापर्यंत भरणे म्हणजे कामाला चिकटून राहणे. यांतली एखादी कडी सुटली की हिशेब चुकतो, मग गणित कितीही पक्के असो.

याला दोन गोष्टींची जोड मिळते. पहिली वेळेची. एडीएचडी असलेल्या अनेकांसाठी काळाचे दोनच भाग असतात: आत्ता आणि नंतर. २० तारखेचा हप्ता १९ तारखेपर्यंत 'नंतर'च्या प्रदेशात असतो आणि २१ तारखेला एकदम संकट म्हणून समोर येतो. दुसरी गोष्ट मोबदल्याची. उशिरा मिळणाऱ्या मोठ्या लाभापेक्षा लगेच मिळणारा छोटा लाभ निवडण्याचा कल सगळ्याच माणसांत असतो. एडीएचडीत तो सरासरीपेक्षा तीव्र असल्याचे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मेंदूतल्या डोपामिनशी निगडित मोबदल्याच्या यंत्रणेतला फरक हे त्याचे एक कारण मानले जाते. निवृत्तीसाठीची गुंतवणूक २५ वर्षांनी फळणार असते. मोबाइलवर मागवलेली वस्तू उद्या दारात येते. या दोहोंत कोणती मनाला ओढ लावते हे सांगायला नको.

विसरण्याची किंमत

एडीएचडी असलेल्यांच्या बोलण्यात 'एडीएचडी टॅक्स' हा शब्दप्रयोग रूढ आहे. विलंब आकार, बाउन्स झालेल्या हप्त्याचा दंड, घरात असलेली वस्तू सापडली नाही म्हणून दुसऱ्यांदा केलेली खरेदी, फ्रिजमध्ये सडलेली भाजी, परत करण्याची मुदत उलटून गेलेला न बसणारा ड्रेस, पहिल्या महिन्यानंतर न फिरकलेल्या जिमचे वर्षाचे पैसे अशी ही यादी लांबत जाते. यांतला एकेक खर्च किरकोळ वाटतो. मात्र २९९ रुपयांच्या चार मासिक वर्गण्या विसरून चालू राहिल्या तर वर्षाला १४,३५२ रुपये जातात, आणि हा आकडा कोणत्याही एका पावतीवर दिसत नाही.

सर्वांत महाग पडते ते क्रेडिट कार्ड. समजा, कार्डावर ५० हजार रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, म्हणजे एकूण २,०६५ रुपये. मुद्दल जागचे हलले नाही तर वर्षात २४ हजारांहून अधिक रक्कम निव्वळ व्याजापोटी जाते. शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही बंद होते. बिलावर छापलेली 'मिनिमम ड्यू'ची छोटी रक्कम भरली की विलंब आकार टळतो आणि काम झाल्याचे समाधान मिळते. व्याज मात्र चालूच राहते. झटपट सुटकेकडे झुकणाऱ्या मनासाठी हा पर्याय विशेष घातक ठरतो.

काही चुकांची किंमत रुपयांत लगेच दिसत नाही. कर्जाचा किंवा कार्डाचा हप्ता उशिरा भरल्याची नोंद सिबिलसारख्या पतमापन संस्थांकडे जाते. ३०० ते ९०० या पट्टीवरचा गुण घसरतो आणि काही वर्षांनी गृहकर्ज मागायला गेल्यावर त्याचा जाच होतो. आरोग्य विम्याचा हप्ता सवलतीच्या मुदतीतही भरला नाही तर पॉलिसी खंडित होते आणि जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षे वाया जाऊ शकतात. वेळेत विवरणपत्र न भरणाऱ्या करदात्याला पाच हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडते, तेही अनेकदा परतावा मिळणार असताना.

दीर्घकालीन अभ्यासांतूनही हेच चित्र पुढे येते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे बालपणी एडीएचडीचे निदान झालेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला गेला. वयाच्या तिशीत त्यांची बचत आणि उत्पन्न समवयस्कांहून कमी होते आणि पालकांच्या पैशांवरचे अवलंबित्व जास्त होते. ज्यांची लक्षणे निवळली होती त्यांच्यातही ही तफावत टिकून होती. स्वीडनमधल्या कर्जाच्या नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्यांची प्रौढपणाची सुरुवात इतरांसारखीच होते, पण मध्यम वयात त्यांची कर्जे थकण्याचे प्रमाण वेगाने वाढते, असे त्यात दिसले. एडीएचडी असलेल्यांमध्ये आर्थिक विवंचनेचा संबंध आत्महत्येच्या चौपट जोखमीशी आढळला, ही त्यातली सर्वांत गंभीर नोंद. थकलेल्या हप्त्यांकडे केवळ शिस्तीचा प्रश्न म्हणून का पाहू नये, हे यावरून कळते.

मोबाइलमधला पैसा

भारतात यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वत्र पोहोचले. एडीएचडीच्या दृष्टीने ही सोय दुधारी आहे. बिल भरण्यासाठी रांगेत उभे राहणे, चेक लिहिणे, सुट्टे शोधणे ही विलंबाची कारणे तिने संपवली. त्याच वेळी खर्च करताना जाणवणारी बोचही बोथट केली. पाकिटातली पाचशेची नोट मोडताना ती संपताना दिसते. क्यूआर कोडवर ती दिसत नाही. अमेरिकेतले संशोधक ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले, तेव्हा रोखीने पैसे द्यायचे असलेल्यांच्या तुलनेत कार्डवाल्यांनी जवळजवळ दुप्पट बोली लावल्या. आवेग आवरण्याची क्षमता मुळातच कमी असेल तर हा परिणाम अधिक महागात पडतो.

यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमेसाठी पिनही टाकावा लागत नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडले की दहा रुपयांचा चहासुद्धा उधारीवर पिता येतो. 'आता घ्या, नंतर द्या' योजना आणि मोबाइलवरून काही मिनिटांत मिळणारी कर्जे यांनी विचाराला उरलेला अवकाशही काढून घेतला. शेअर बाजारातले फ्यूचर्स आणि ऑप्शन्स याच प्रकारात मोडतात. सततची हालचाल, ताबडतोब निकाल आणि पुढच्या डावाची ओढ यांमुळे ते एडीएचडी असलेल्या मनाला खेचून घेतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. आवेगाने निर्णय घेणाऱ्याने या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

या परिस्थितीत घडी बसवण्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: भरणा आपोआप व्हावा आणि खर्चाला वेळ लागावा. आज बाजारातली बहुतेक साधने याच्या नेमकी उलट रचलेली असतात, म्हणून ती हाताने फिरवून घ्यावी लागतात.

आधी चित्र, मग अंदाजपत्रक

बहुतेक आर्थिक सल्ल्यांची सुरुवात तपशीलवार अंदाजपत्रकाने होते. रोजचा खर्च २० रकान्यांत लिहिण्याची पद्धत एडीएचडीत सहसा पहिल्या आठवड्यानंतर बंद पडते आणि अपयशाची आणखी एक नोंद जमा होते. त्यापेक्षा गेल्या तीन महिन्यांचे बँक-विवरण घेऊन चार ढोबळ बेरजा करणे पुरेसे असते: महिन्याला येणारे पैसे, ठरलेले खर्च, वर्षातून एकदा येणारे मोठे खर्च आणि उरलेले सगळे. यांतला तिसरा गट निसटतो. शाळेची फी, वाहनाचा विमा, मालमत्ता कर, गणपती-दिवाळी, लग्नाचे आहेर हे खर्च दरवर्षी येतात आणि तरी दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात. त्यांची वर्षाची बेरीज करून १२ ने भागले की दरमहा किती बाजूला काढायचे ते कळते.

हे काम एकट्याने करू नये. एडीएचडी असलेल्यांना सोबतीला कोणी नुसते बसले असले तरी कंटाळवाणे काम सुरू करणे आणि तडीस नेणे सोपे जाते, असा अनेकांचा अनुभव आहे. शेजारी बसलेल्याने हिशेबात लक्ष घालण्याचीही गरज नसते. मित्र स्वतःचे पुस्तक वाचत बसला तरी चालते.

तीन खाती

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत पगाराच्या दिवशी पाकिटे भरण्याची पद्धत होती. दूध, किराणा, भाडे, शाळा अशी नावे घातलेल्या पाकिटांत नोटा ठेवल्या जात आणि पाकीट रिकामे झाले की तो खर्च थांबे. शिल्लक डोळ्यांना दिसत असल्याने आठवण ठेवण्याचे काम पाकीटच करी. तीच युक्ती आज बँकेच्या तीन खात्यांतून साधते.

पहिले खाते पगाराचे आणि ठरलेल्या खर्चांचे. भाडे, हप्ते, विमा, वीज, इंटरनेट यांचे पैसे इथूनच जातात. या खात्याला यूपीआय जोडलेले नसते आणि त्याचे डेबिट कार्ड घरात ठेवलेले असते. दुसरे खाते रोजच्या खर्चाचे. मोबाइलवरचे यूपीआय फक्त याच खात्याला जोडलेले असते. त्यात महिन्याची रक्कम एकदम टाकण्याऐवजी दर सोमवारी आठवड्याचा वाटा स्थायी सूचनेने आपोआप वळता करणे अधिक उपयोगी. महिना हा 'नंतर'चा काळ झाला. सात दिवस नजरेच्या टप्प्यात राहतात. बुधवारी पैसे संपले तरी कळ सोमवारपर्यंतच सोसावी लागते आणि चूक लहान असतानाच लक्षात येते. तिसरे खाते बचतीचे आणि वार्षिक खर्चांचे. ते शक्यतो दुसऱ्या बँकेत ठेवावे आणि त्याचे अ‍ॅप मोबाइलवर घेऊ नये. किमान शिल्लक नसली तर दंड लावणारी खाती या रचनेत टाळावीत, अन्यथा विसरण्याला आणखी एक जागा मिळते.

भरणा आपोआप

ठरलेल्या रकमेची देणी बँकेच्या मँडेटवर, म्हणजे आपोआप रक्कम कापण्याच्या परवानगीवर, टाकली की आठवणीचा प्रश्न उरत नाही. कर्जाचे हप्ते आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातली नियमित गुंतवणूक) यांसाठी बँकांची नॅच ही व्यवस्था, वीज-गॅस-मोबाइलच्या बिलांसाठी भारत बिल पेमेंटची व्यवस्था आणि २०२० पासून यूपीआय ऑटोपे या सोयी उपलब्ध आहेत. क्रेडिट कार्डासाठी ऑटो-डेबिट घेताना 'मिनिमम ड्यू' आणि 'टोटल ड्यू' असे दोन पर्याय विचारले जातात. तिथे पूर्ण रक्कम निवडायची. भरणा आपोआप होण्याची अट एकच, की त्या दिवशी खात्यात पैसे असावेत. म्हणून सर्व तारखा पगारानंतरच्या तीन-चार दिवसांत आणून ठेवाव्यात. क्रेडिट कार्डाचे बिलचक्र बदलून घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कार्डधारकाला दिली आहे. हप्त्यांच्या तारखांबाबत बँकेला विनंती करता येते. देणी फेडून उरलेलीच शिल्लक खात्यात दिसत असेल तर फसवा श्रीमंतपणा वाटत नाही.

आपोआप भरण्याच्या या सोयीला एक धोका चिकटलेला असतो. नको असलेल्या वर्गण्याही तितक्याच निमूटपणे चालू राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, पण संदेशांच्या गर्दीत ती हरवते. तीन महिन्यांतून एकदा यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपेचा विभाग आणि बँकेच्या संकेतस्थळावरची मँडेटची यादी उघडून जे वापरात नाही ते रद्द करावे. चाचणीसाठी फुकट मिळालेली सेवा घेतानाच तिचे मँडेट रद्द करून ठेवणे उत्तम. बहुतेक सेवा मुदत संपेपर्यंत तरीही चालतात.

खर्चाला अडसर

आवेग थोडा वेळ टळला तर बहुधा ओसरतो. त्यामुळे इच्छा आणि पैसे देणे यांच्यामध्ये जितक्या पायऱ्या घालता येतील तितके बरे. खरेदीच्या अ‍ॅपमधून कार्डाचे साठवलेले क्रमांक काढून टाकणे, सूचना बंद करणे, अ‍ॅप काढून फक्त संगणकावरून खरेदी करणे या साध्या गोष्टी निग्रहापेक्षा अधिक काम करतात. २०२० पासून प्रत्येक कार्डधारकाला ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार स्वतः चालू-बंद करता येतात आणि त्यांची मर्यादाही ठरवता येते. ऑनलाइन व्यवहार एरवी बंद ठेवून गरजेपुरते चालू केले तर रात्री साडेअकराच्या खरेदीला आपोआप लगाम बसतो. क्रेडिट मर्यादा वाढवून देण्याचा फोन आला की नकार द्यावा. आहे ती कमी करून मागता येते.

ठरावीक रकमेवरच्या, समजा दोन हजारांवरच्या, प्रत्येक खरेदीसाठी ४८ तास थांबण्याचा नियम उपयोगी पडतो. वस्तू यादीत लिहायची, शेजारी तारीख टाकायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली 'जर-तर' पद्धत इथे जोडता येते. 'खर्च कमी करीन' असा संकल्प सोडण्याऐवजी 'जर मॉलमध्ये गेलो, तर आधी ठरवलेल्या दुकानातच जाईन' असे नेमके वाक्य ठरवले की ऐनवेळी निर्णय घ्यावा लागत नाही. याबरोबर मजेसाठी थोडी रक्कम दर आठवड्याला मोकळी ठेवणे गरजेचे असते. पूर्ण बंदी घातली की बांध फुटतो.

मोबाइलवरून कर्ज घेतलेच गेले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांविषयीच्या नियमांतली एक तरतूद लक्षात ठेवावी. कर्ज घेतल्यानंतरच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळापुरते व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. आयुर्विम्याची पॉलिसीही हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आवेगात केलेली सही मागे घेण्याच्या या संधी आहेत.

बचत कुलूपबंद

सहज काढता येणारी बचत एडीएचडीत टिकत नाही. म्हणून मुदतबंद साधने इथे वरदान ठरतात. नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी पगार हातात येण्यापूर्वीच कापला जातो. तो ऐच्छिक वाढवता येतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची (पीपीएफ) मुदत १५ वर्षांची आहे आणि त्यातून मधेच पैसे काढण्यावर बंधने आहेत. अडीअडचणीचा पैसा मात्र मिळण्याजोगा हवा; तो एका मोठ्या मुदत ठेवीऐवजी चार-पाच छोट्या ठेवींत विभागला तर गरजेपुरतीच एक मोडता येते. एसआयपी पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर ती रद्द होते, त्यामुळे रक्कम झेपेल इतकीच असावी.

बचतीची रक्कम वाढवण्याचा निर्णयही आधीच घेऊन ठेवता येतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या योजनेत अमेरिकी कामगारांनी पुढच्या पगारवाढीतला वाटा बचतीत टाकण्याचे आजच कबूल केले; ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. दरवर्षी आपोआप वाढणारी एसआयपी हे त्याच कल्पनेचे आपल्याकडचे रूप. भिशीतही एडीएचडीला मानवणारे गुण आहेत. ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम आणि चुकल्यास चारचौघांत होणारी आठवण यांमुळे पैसे साठतात. मात्र ती ओळखीच्या, विश्वासातल्या लोकांपुरतीच ठेवावी, कारण बुडाल्यास दाद मागणे कठीण जाते.

कर्ज साचले असेल तर

थकबाकी वाढत गेली की पत्रे न उघडणे, फोन न घेणे ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे. पहिले पाऊल म्हणून सगळी देणी एका कागदावर लिहावीत: कोणाचे, किती, व्याज किती, तारीख कोणती. पतमापन संस्थांकडून प्रत्येकी एक सविस्तर अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, त्यामुळे विसरलेले कार्डही सापडते. गणिताने पाहिले तर सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडणे स्वस्त पडते. सर्वांत लहान कर्ज आधी संपवले तर व्याज थोडे जास्त जाते, पण यादीतली एक ओळ लवकर खोडली जाते आणि उत्साह टिकतो. मध्येच सोडून दिलेल्या स्वस्त योजनेपेक्षा शेवटपर्यंत पाळलेली महाग योजना बरी, हा निकष एडीएचडीत लावावा. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या वैयक्तिक किंवा सोनेतारण कर्जात बदलण्याचा पर्याय आहे. तो घेतल्यावर कार्डाची मर्यादा त्याच दिवशी उतरवली नाही तर दोन्ही कर्जे डोक्यावर बसतात. वसुली करणाऱ्यांना सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

अनियमित उत्पन्न आणि वर्षाची कामे

एडीएचडी असलेले अनेकजण स्वतंत्र व्यवसायाकडे वळतात. तिथे पगाराची तारीख नसते आणि कर कापून घेणारा मालकही नसतो. आलेली सर्व रक्कम एका खात्यात जमा करून त्यातून स्वतःला दरमहा ठरावीक 'पगार' द्यावा आणि प्रत्येक जमेतला कराचा वाटा त्याच दिवशी वेगळा काढावा. वर्षाचा कर १० हजार रुपये किंवा अधिक होणार असेल तर सर्वसाधारणपणे आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखांना भरावा लागतो. या चुकण्याजोग्या तारखा आहेत; त्यांसाठी कर सल्लागाराची फी देणे ही उधळपट्टी ठरत नाही. काम पूर्ण करूनही बिल न पाठवणे हा या वर्गातला नेहमीचा तोटा. काम आणि बिल एकाच ईमेलने पाठवण्याची पद्धत ठेवली की तो टळतो.

कागदपत्रांसाठी एकच जागा असावी: घरात एक फाइल, मोबाइलवर डिजिलॉकर. बारीक वर्गवारी केलेल्या दहा फाइलींपेक्षा सगळे ढिगाने ठेवलेला एक खोका अधिक काळ टिकतो. नामनिर्देशन, विम्याचे नूतनीकरण, विवरणपत्र अशी वर्षातून एकदाची कामे एका 'पैशाच्या दिवशी' एकत्र उरकावीत आणि तो दिवस सोबत देणाऱ्या माणसाशी आधीच ठरवून घ्यावा.

घर आणि उपचार

एडीएचडी असलेल्या जोडीदाराबरोबर पैशावरून होणारे वाद साधारण एकाच वळणाने जातात. एकजण आठवण करून देत राहतो, दुसरा लपवू लागतो, आणि नवरा-बायकोचे नाते पालक-मुलासारखे होऊन बसते. आठवण करून देण्याचे काम मँडेटकडे सोपवले की या वादातला मोठा भाग गळून पडतो. उरलेल्यासाठी आठवड्यातून एकदा २० मिनिटे, चहाच्या वेळी, तीनच प्रश्नांची बैठक पुरते: किती शिल्लक, पुढच्या आठवड्यात काय द्यायचे, काही राहिले का. ज्याला जे जमते ते त्याने करावे; सगळा कारभार एकाने ताब्यात घेणे मात्र दोघांनाही धोक्याचे, कारण दुसऱ्याला परिस्थितीची कल्पनाच राहत नाही.

या उपायांसोबत वैद्यकीय निदानही महत्त्वाचे आहे. बेसुमार खर्च उन्मादाच्या झटक्यातही होतो आणि नैराश्यातही बिले थकतात. त्यांचे उपचार वेगळे आहेत. एडीएचडी ठरवणारी रक्ततपासणी नाही. मानसोपचारतज्ज्ञ बालपणापासूनचा इतिहास, शाळेची प्रगतिपुस्तके आणि घरच्यांचे निरीक्षण पाहून निदान करतात. मिथाइलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे त्यांच्याच सल्ल्याने घ्यायची असतात. औषधांनी लक्ष सुधारते, पण केवळ गोळीने हिशेबाची सवय लागत नाही. स्वीडनच्या अभ्यासात औषधांचा आर्थिक वर्तनातल्या सुधारणेशी संबंध आढळला नव्हता. नियोजन आणि वेळेची कौशल्ये शिकवणाऱ्या वर्तनोपचारांनी प्रौढांना फायदा होत असल्याचे अमेरिकेत २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरी सोलान्टो आणि स्टीव्हन सॅफ्रेन यांच्या स्वतंत्र चाचण्यांत दिसले. औषध, कौशल्य आणि खात्यांची रचना ही तिन्ही एकमेकांना पूरक आहेत.

उपचारांच्या खर्चाचाही हिशेब धरावा लागतो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात आणि एडीएचडीचे उपचार बाह्यरुग्ण विभागात होतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे केवळ या निदानावर दिव्यांग प्रमाणपत्राच्या सवलती मिळत नाहीत. औषधे आणि भेटींचा खर्च म्हणूनच ठरलेल्या खर्चांच्या खात्यात दरमहा धरून ठेवावा. कर्जाच्या ताणाने जगणे नकोसे वाटू लागले तर थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे.

ही सगळी घडी एका दिवसात बसत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. उत्साहाच्या भरात सुरू केलेल्या दहा गोष्टी दहा दिवसांत सुटतात. पहिल्या महिन्यात कार्डाचा पूर्ण भरणा ऑटो-डेबिटवर टाकावा, दुसऱ्यात खर्चाचे खाते वेगळे करावे, तिसऱ्यात नको असलेल्या वर्गण्या रद्द कराव्यात. एखादा भाग अधूनमधून मोडेल हे गृहीत धरून तो पुन्हा सुरू करण्याचा दिवसही आधीच ठरवून ठेवावा.